पुस्तकं वाचली आणि घरात परकी झाले

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत राहणाऱ्या २८ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. त्या सहकारी बँकेत नोकरी करतात. घर मराठा, खाऊनपिऊन सुखी. दोन वर्षांपूर्वी एक व्याख्यान ऐकलं आणि त्या जात, स्त्रियांचे प्रश्न, चळवळी यांवरची पुस्तकं वाचू लागल्या. आता घरात रोज वाद होतात. धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचा कप आजी खिडकीत वेगळा ठेवतात, त्यावरून वडिलांशी कडाक्याचं भांडण झालं. वडील म्हणाले, "शाहू महाराजांच्या गावात राहून आम्हाला जात शिकवू नकोस." बँकेत एक बौद्ध मैत्रीण आहे. रात्री उशिरा त्या तिला पुस्तकांतली पानं मोबाइलवर पाठवायच्या आणि "तुमच्याकडेही असंच झालं का गं?" म्हणून विचारायच्या. ती हल्ली डबा खायला सोबत बसत नाही. त्यातच त्यांच्या वाचन गटात कुणीतरी म्हणालं, की वरच्या जातीतल्यांनी ही पुस्तकं वाचणं हा नुसता छंद आहे. त्या विचारतात, "मला हे वाचायचा अधिकार आहे का? वाचन बंद करू, की नोकरी सोडून पूर्णवेळ चळवळीत जाऊ? घरात स्थळं बघणं सुरू आहे, तो ताप वेगळाच."

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कपाबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत, मैत्रिणीबद्दलही लिहिलंत, आणि स्थळांची बोळवण मात्र एका ओळीत केलीत. तुम्ही जे काही वाचलंत त्याचा तुमच्या स्वतःच्या आयुष्याशी सगळ्यात जवळचा संबंध मला त्या ओळीतच दिसतो. तिकडे मी येणार आहेच. आधी अधिकाराचं बोलू, कारण त्या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे.

वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षर गिरवू दिलं गेलं नाही त्यांनी ही पुस्तकं लिहिली, आणि लिहिताना कुणी वाचू नये अशी अट घातलेली नाही. गटातल्या त्या माणसाचं बोलणं मात्र उडवून लावू नका. पुस्तकांच्या थप्पीचे फोटो टाकायचे, नवे शब्द शिकून घ्यायचे, ते शब्द न येणाऱ्याला चारचौघांत अडवायचं आणि घरातला कारभार होता तसाच चालू द्यायचा, असं वाचन आपल्या आजूबाजूला बरंच चालतं. तुम्ही त्यातल्या नाही, नाहीतर हे पत्र आलं नसतं.

तुमची अडचण मला निराळी वाटते. प्रत्येक पुस्तकाला तुम्ही एकच प्रश्न विचारताय, "मी दोषी आहे का?" बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला ते समजतं. पण ते पुस्तक लिहिलं कसं गेलं ते बघा. फलटणमध्ये नवऱ्यासोबत छोटंसं दुकान चालवताना त्या सामान बांधायला आणलेली रद्दी वाचून काढायच्या. स्वतः लिहिलेलं त्यांनी कित्येक वर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलं. पुस्तक १९८६ मध्ये आलं. गावाने महारवाड्याचा केलेला छळ त्यात आहे, आणि महारवाड्यातल्या पोरसवदा सुनांचा सासरी झालेला छळही तितक्याच स्पष्टपणे सांगितलेला आहे. शिकून पुढे गेलेल्या आपल्याच माणसांकडूनही त्यांच्या अपेक्षा आहेत. म्हणजे ही बाई प्रामुख्याने आपल्या माणसांशी बोलते आहे. तुम्ही-मी शेजारी बसून ऐकतोय. ऐकणारीने मध्येच "मग मी वाईट का हो?" असं विचारलं, की सांगणारीला आपलं सांगणं सोडून ऐकणारीची समजूत काढावी लागते.

तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं असावं. तिच्याकडे पान पाठवून तुम्ही काय मागत होतात? वरवर माहिती मागत होतात. आतून मात्र "तू तशी नाहीस गं" एवढं तिच्या तोंडून ऐकायचं होतं. दिवसभर बँकेचा काउंटर सांभाळून, घरी पोरांचा अभ्यास घेऊन ती बाई आडवी होते, आणि फोनवर येतं ते तिच्याच आजीच्या वाट्याला आलेल्या अपमानाचं पान. वर प्रश्न, तुमच्याकडेही असंच झालं का? झालंही असेल. कदाचित तिने ते स्वतःच्या मुलांनासुद्धा सांगितलेलं नसेल. कदाचित तिच्या घरात काही वेगळंच घडलं असेल आणि तुमच्या पुस्तकातल्या चौकटीत तिला बसायचं नसेल. पुस्तकात जे सांगितलंय ते पुन्हा तिच्याकडून वदवून घेण्याची गरज नव्हती.

लांबलचक माफीनामा पाठवू नका. तो वाचून पुन्हा तिलाच तुमचं सांत्वन करावं लागेल. समोरासमोर, एका वाक्यात म्हणा: "मी तुला रात्री-अपरात्री ती पानं पाठवत होते, ते चुकलं माझं, आता नाही पाठवणार." आणि विषय बदला. पूर्वी तुम्ही दोघी कशावर बोलायचात? बदलीच्या यादीवर, मुलांच्या शाळेवर, रविवारी मिसळ कुठे खायची यावर. तेच बोला. ती परत डब्याला येऊन बसली तर आनंद आहे. नाही आली, तर तिचं न येणं मान्य करा आणि "पण मी तर तुझ्याच बाजूने होते" हे वाक्य गिळून टाका.

आता वाचनाकडे. दोषाचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून पुस्तकाला दुसरा प्रश्न विचारून बघा, "हे चालतं कसं?" ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. तुमच्याहून तीन वर्षांनी लहान होते ते. त्यांची मांडणी अशी, की जातीचा गाभा जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे. बाहेर लग्न होऊ द्यायचं नाही असं ठरलं, की समूहात स्त्री-पुरुषांच्या संख्येचा मेळ राखावा लागतो. मग नवरा मेलेल्या बाईचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो, आणि सती, सक्तीचं वैधव्य, लहानपणीच लग्न या चाली त्यातून येतात. म्हणजे जात टिकवण्याचा भार बाईच्या देहावर टाकलेला आहे. निबंध लहान आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड काढले त्यातल्या पहिल्याच खंडात तो मिळेल, आणि मराठी भाषांतरंही आहेत. एका रविवारी बसून वाचा.

वाचून झाला की घरात फिरत असलेला तुमचा बायोडेटा हातात घ्या. तुम्हीच लिहिलंय की त्यात नाव, शिक्षण, पगार यांच्या आधी शहाण्णव कुळी लिहिलेलं आहे, खाली देवक आहे, मामांचं घराणं आहे. खिडकीतला कप डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यावरून भांडता येतं. हा कागद मात्र तुमच्या संमतीने, तुमच्याच फोटोसकट, पै-पाहुण्यांच्या फोनवर फिरतोय. १९१६ च्या निबंधात सांगितलेलं यंत्र तुमच्या घरात चालू आहे आणि त्यात तुमची जागा दुहेरी आहे. तुम्हाला पसंत-नापसंत केलं जातंय, आणि तुमच्यामार्फत जातीची सीमाही राखली जातेय. हे वाचून पुन्हा अपराधी वाटून घेऊ नका. कोल्हापुरात बसून जातीबद्दल काही करायचं असेल, तर तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. उद्या मुद्दाम दुसऱ्या जातीतला मुलगा शोधा, असं मी म्हणत नाही. माणूस आवडण्याआधी त्याची जात निवडणं, मग ती कुठलीही असो, मला पटत नाही. पण "आपल्यातलाच" ही गाळणी लावायची की नाही, एवढं ठरवणं तुमच्या हातात आहे.

वडिलांशी बोलताना हेच उपयोगी पडेल. शाहू महाराजांचं नाव घेऊन त्यांनी तुम्हाला गप्प केलं, पण त्यांनी स्वतःहून तुम्हाला एक वाट दाखवली आहे. जरूर शाहू महाराजांबद्दलच बोला. २६ जूनला, शाहू जयंतीला, दसरा चौकात हार घालायला जाणाऱ्या माणसाला हे ऐकायला जड जाणार नाही.

१८९९ मध्ये पंचगंगेवर कार्तिक स्नानाच्या वेळी खुद्द छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र म्हटले गेले नाहीत. वेदांतले मंत्र वरच्या वर्णांसाठी, शूद्रांना पुराणोक्त म्हणजे पुराणांतलेच, असं उत्तर मिळालं. गादीवरच्या राजालाही जातीची पायरी दाखवली गेली. पुढे २६ जुलै १९०२ च्या हुकमाने महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या. त्यात ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे धरलेले होते. म्हणजे मराठेही होते. वडिलांना विचारा, आपल्या घरात पहिल्यांदा कोण शिकलं? कुठल्या बोर्डिंगात राहिलं? मराठा विद्यार्थ्यांसाठीचं बोर्डिंग १९०१ मध्ये सुरू झालं, आणि त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. तुमच्या पणजोबांचं नाव त्यातल्या एखाद्या हजेरीपटात असूही शकेल. गावाकडची जमीन कुणाच्या नावावर होती, कसायला कोण यायचं, त्या माणसांना पाणी कुठे मिळायचं, हेही विचारा. वाद घालायला म्हणून विचारू नका, खरोखर जाणून घ्यायला विचारा. आजी हयात आहेत तोवर विचारून घ्या, कारण हे कुठल्याच ग्रंथालयात मिळणार नाही.

मग गंगाराम कांबळेंची गोष्ट काढा. ती वडिलांना तुमच्याआधी ठाऊक असेल. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या आपल्या नोकराला महाराजांनी चहाचं दुकान काढून दिलं. तिथे गाडी थांबवून ते स्वतः चहा घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावत. ही गोष्ट दर जयंतीला सांगितली जाते आणि घरातल्या खिडकीत वेगळा कप तसाच राहतो. हे तुम्ही मोठ्या आवाजात ऐकवण्यापेक्षा गोष्ट वडिलांनाच सांगू द्या. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच खिडकीकडे बघावं लागेल. आणि धीर झाला तर त्याच बैठकीत हेही विचारा: आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा आपल्या संस्थानात याच महाराजांनी केला, आपल्या चुलत बहिणीची सोयरीक धनगर समाजातल्या इंदूरच्या होळकर घराण्याशी त्यांनीच जुळवली, मग आपल्या बायोडेटाची पहिली ओळ अशी का?

वडील लगेच बदलतील असं मी म्हणणार नाही. थोर माणसाच्या अभिमानाआड लपायलाही भरपूर जागा असते. पण याच शहरात १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असताना, बिंदू चौकात त्यांचा आणि जोतीराव फुल्यांचा पुतळा बसवला गेला. याच शहरात कॉम्रेड गोविंद पानसरे लोकांना प्रिय असलेल्या शिवाजी महाराजांबद्दलच बोलत राहिले, आणि रयतेचा राजा म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगत राहिले. त्यांच्या भाषणाची १९८८ मध्ये छोटी पुस्तिका झाली. ज्यांनी कधी जाड पुस्तक हातात धरलं नाही अशा घरांतही ती गेली. १६ फेब्रुवारी २०१५ ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. माणसांना जे प्रिय आहे तिथूनच बोलायला सुरुवात करायची, ही त्यांची रीत मला तुमच्या घरासाठी योग्य वाटते.

कपाचं मात्र थांबवून ठेवू नका, आणि त्यासाठी लढाईही मांडू नका. चहा तुम्ही ओता, तुमच्याच कपांपैकी एकात. आजी ओरडल्या तर ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच द्या. फक्त मावशींना भांडणाच्या मधे उभं करू नका. तुमच्या तत्त्वापायी त्यांचं काम सुटलं, तर त्याची किंमत त्या भरतील. त्यांच्याशी एकट्यात बोला, त्यांना काय हवंय ते विचारा. मला वाटतं त्या कपाआधी पगाराबद्दल बोलतील, महिन्याच्या सुट्ट्यांबद्दल बोलतील, दिवाळीच्या बोनसबद्दल बोलतील. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे आणि त्याखाली त्यांची नोंदणी होते. तुम्ही बँकेतल्या आहात, फॉर्म आणि कागदपत्रं हा तुमचा रोजचा व्यवहार. कामगार कार्यालयात त्यांच्यासोबत जा. त्यांची इच्छा असेल तर गल्लीतल्या बाकीच्या कामवाल्या मावशींनाही सोबत घ्या.

यातच तुमच्या नोकरी सोडण्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे. सध्या सोडू नका. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तुम्हाला तिकडे जावंसं वाटतंय ते घरातून सुटका हवी म्हणून, असं पत्रावरून दिसतं. सुटका हवी असण्यात गैर काही नाही, पण त्यासाठी चळवळीला वेठीला धरू नये. शिवाय स्वतःचा पगार असणं ही लग्नाच्या वाटाघाटीत तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे. तो हातचा घालवू नका. एखाद्या संघटनेचं काम आवडत असेल तर शनिवार-रविवारी जा आणि तिथे जे कंटाळवाणं काम पडून असेल ते मागून घ्या. हिशेब लिहिणं, सभासदांच्या याद्या करणं, बचत गटाची खाती बघणं. भाषण करणारे पुष्कळ मिळतात, वहीखातं नीट ठेवणारं माणूस मिळत नाही.

वाचन बंद करू नका, पण वेग कमी करा. दोन वर्षांत तुम्ही जी यादी संपवलीत ती बघून मलाच धाप लागली. एक पुस्तक घ्या, पेन्सिल घेऊन वाचा, आणि जिथे राग येईल तिथे थांबून समासात रागाचं कारण लिहा. लेखकाचं चुकलंय म्हणून राग आलाय, की आपलं काहीतरी उघडं पडलंय म्हणून? दोन्ही शक्य असतं. लेखक सोसलेला आहे म्हणून त्याचा प्रत्येक निष्कर्ष मान्य करायलाच हवा असं नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि भाषणाचा मसुदा बघून परिषदच रद्द केली. ते भाषण त्यांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (जातिसंस्थेचं उच्चाटन) या नावाने स्वखर्चाने छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका छापली आणि तिला आपलं उत्तरही जोडलं. वाद कसा वाचावा हे शिकायचं असेल तर ती आवृत्ती घ्या, दोन्ही बाजू एकाच पुस्तकात मिळतील. विकत घ्यायला नको वाटलं तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. आणि तुमच्या वाचन गटात पुढच्या वेळी कुणी कुणाच्या वाचण्याच्या अधिकारावर बोलू लागलं, तर सरळ पुस्तकातलं पान काढून "यावर बोलूया" म्हणा.

तुमच्यासारखी पत्रं मला मुलांचीही येतात. ते बहुतेकदा जातीवर तावातावाने लिहितात, पण बहिणीच्या वाटणीचा विषय निघाला की बोलत नाहीत. त्यांनीही "हे चालतं कसं" हा प्रश्न स्वतःच्या सातबाऱ्याला विचारून बघावा. आणि ज्यांना ऑफिसात, हॉस्टेलवर सतत "तुमच्याकडे कसं असतं?" असं विचारलं जातं, त्या वाचकांना एवढंच सांगते, की उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. "पुस्तकं आहेत, वाच" म्हणून डबा उघडायला हरकत नाही.

राहिला बायोडेटा. तो परत मागवा आणि स्वतःच्या हाताने नव्याने लिहा. कुळी आणि देवक काढून टाका. तुम्ही काय शिकलात, काय काम करता, काय वाचता आणि लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, एवढं ठेवा. पाहुण्यांच्या देखत हा विषय काढू नका, आधी आईशी बोला. तुमच्या पत्रात आईचा उल्लेख एकदाही नाही. त्यांचं लग्न कसं ठरलं, त्यांना तेव्हा कुणी काही विचारलं होतं का, हे कधी विचारलंत का त्यांना? निर्णयाला सहा महिने मागून घ्या आणि तोवर मुलगा बघायचा कार्यक्रम ठेवू नका म्हणून सांगा. हे बोलणं तापलं, फोन काढून घेणं किंवा नोकरीवर जाऊ न देणं इथपर्यंत गेलं, तर एकटीने सोसत बसू नका. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे. आणि एखादी मामी किंवा आत्या, जिच्या शब्दाला घरात वजन आहे, तिला आजच विश्वासात घेऊन ठेवा.